गाव तेच ठेवू, घर बदलू

पुणे

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या राहत्या घराचा विषय फोनवर दरवेळी अर्ध्यावर राहतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

दादा म्हणतो, दोघांनी पुण्याला यावं. मला ते पटत नाही. इथे फ्लॅटचं दार लावलं की दिवस संपेपर्यंत कुणी हाक मारत नाही. बाबांची संत सोपानकाकांच्या देवळातली रोजची फेरी, आईचं भजनी मंडळ, सोमवारी दवाखाना उघडा ठेवणारा तुमचा नेहमीचा डॉक्टर, हे सगळं सासवडातच आहे. तुम्ही सासवड सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. मला फक्त आपल्या जुन्या घरातला तो जिना तुमच्या मागून सुटायला हवाय.

गावाबाहेरच्या नव्या वसाहतीतलं जे घर विकायला निघालंय, ते मी नीट पाहून आले. तीन गुंठ्यांत बैठं घर, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. फाटकापासून देवघरापर्यंत एकही पायरी नाही. संडास-बाथरूम झोपायच्या खोलीला लागून, फरशी खरबरीत, न घसरणारी. खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, त्यामुळे रंग नको, वाळवी नको. अंगणात पेव्हर ब्लॉक, कडेला तुळस आणि चार झाडांपुरती माती.

बाबा, आपल्या घरात दर मे महिन्यात कौलं चाळायला माणूस शोधावा लागतो. आता ते काम करणारेच मिळत नाहीत, आणि मिळाले तरी शिडी धरायला तुम्ही उभे राहता. या वयात ते नको. माळ्याच्या तुळईला वाळवी लागलीय, तीही दरवर्षी थोडी पुढे सरकतेय.

नव्या घराला काहीच करावं लागणार नाही, असं मात्र नाही. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग काही वर्षांनी पाहावं लागेल, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी नळ आणि सोलर हीटर चोंदतात. उन्हाळ्यात स्लॅब तापतो. आपल्या मातीच्या जाड भिंतींचा गारवा तिथे नाही, हे आई म्हणते ते खरंच आहे. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारायचा आणि सौर पॅनेल बसवायची असं माझ्या मनात आहे. पॅनेलची सावलीही पडते, आणि सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

आई, तुझा खरा प्रश्न दिंडीचा आहे, हे मला माहीत आहे. माउली दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी आल्या की आपल्या ओसरीवर, माडीवर वारकरी निजतात, पहाटे चुलीवर पाण्याची पातेली चढतात. आजीपासून हे चालत आलंय. नव्या घरात तेवढी माणसं झोपायला मावणार नाहीत. पण पोर्चमध्ये आणि अंगणात पंगत नक्की बसेल, आणि वाढायला तुला जिना चढावा लागणार नाही. गेल्या वारीत तू गुडघ्याला पट्टा बांधून वरखाली करत होतीस, ते पाहून मला जेवण गेलं नाही. मुक्कामासाठी जुनं घर आहेच. ते विकायचा विषय मी काढलेलाच नाही. काकांचाही त्यात हिस्सा आहे, आणि ती घाई कुणालाच नाही.

खरेदी आईच्या नावावर करू. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ५० लाखांवर ५०,००० रुपये. माझ्याकडून येणाऱ्या रकमेवर आईला कर लागत नाही, मुलीने दिलेली भेट करमुक्त असते. तुमच्या मुदत ठेवी मोडायच्या नाहीत, औषधपाण्याला त्या लागतील.

रविवारी मी येतेय. भर दुपारी जाऊ, म्हणजे ऊन किती लागतं ते कळेल. शेजारच्यांना विचारू, मे महिन्यात बोअरला पाणी राहतं का, टँकर मागवावा लागतो का. बाबा, देऊळ आणि दवाखाना तिथून तुम्हाला चालत झेपतो का, ते तुम्हीच चालून बघा. नाही झेपलं तर मी हे घर सोडून दुसरं शोधेन.

आणि तोवर मालकाने कितीही घाई केली तरी इसार देऊ नका. सातबारा, बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, नगरपरिषदेचा भोगवटा दाखला यांच्या प्रती फक्त मागून ठेवा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, आला आणि बँकेचा बोजा नाही हे कळलं, की मगच पैशांचं बोलू.

तुमची,
ताई