तू स्क्वेअर लेगला उभा राहा

दादर, मुंबई
जून महिना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर दोन निळ्या खुणा उमटल्या असत्या आणि पुढे काहीच नाही. कागद निदान हातात तरी घेशील.

वहिनी गेल्या त्या आठवड्यात पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या मॅचेस पाण्यात गेल्या होत्या. आता पुन्हा पाऊस तोंडावर आलाय. दिवसकार्य आटोपल्यावर "थोडे दिवस गावी राहून येतो" म्हणालास, आणि ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. तुझ्या घरात काय झालंय ते मला पुरतं कळतं असा आव मी आणत नाही. माझी बायको या क्षणी आत कुकर लावतेय, तुझ्या घरी तो आवाज नाही. पण तू एकटाच दोन्ही टोकांना अंपायरिंग करायला निघालायस, हे मला बघवत नाही, आणि बघवत नाही ते तुला सांगणं माझं काम आहे.

आधी आपल्याला अंपायरिंग शिकवणाऱ्या मास्तरांचं सांगतो. तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. मास्तरांनीच बजावलं होतं, "त्याच्या डोक्याला आणखी ताप नको." दिवाळीच्या सुमारास त्यांचा आवाज बसला. नव्या पोरांचे पंचांच्या परीक्षेचे क्लास घेऊन बसला असेल असं आम्हाला वाटलं. पण उतरेचना. मग परळला टाटा मेमोरियलमध्ये तपासण्या झाल्या आणि घशाचा कॅन्सर निघाला. आठवड्याचे पाच दिवस रेडिएशन, असं सहा-सात आठवडे. डोंबिवलीहून रोज परळ. मुलगी परदेशात, काकूंचे गुडघे धरलेले.

त्या रात्री आझाद मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही चार-सहा जण उभे होतो. पोस्टात नोकरी करणारे आपले पंच म्हणाले, "पोस्टिंग लावू या." आणि खरोखरच लावलं. कोणत्या मॅचला कोण पंच याची यादी येते तशी मास्तरांची यादी निघाली: तारीख, वार, आणि प्रत्येक दिवसापुढे दोन नावं. एक कधीच नाही. एकाने फाइल घेऊन रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने मास्तरांजवळ बसायचं. ज्याची त्या दिवशी मॅच लागेल त्याने बदली माणूस स्वतः द्यायचा. गेल्याच वर्षी परीक्षा पास झालेली पोरंसुद्धा यादीत होती. ज्यांना मास्तरांनी एलबीडब्ल्यूवरून भर वर्गात झापलं होतं, तीच पोरं लोकलच्या गर्दीत त्यांच्याभोवती हात धरून उभी राहत होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला फार भरून आलं.

मधले दिवस वाईट गेले. तोंड कोरडं पडायचं, पाण्याचा घोटसुद्धा उतरेना, शेवटी नाकातून नळी घातली. मास्तर चिडायचे. एकदा त्यांनी वहीवर लिहिलं, "उद्यापासून येऊ नका." दुसऱ्या दिवशी ज्यांची पाळी होती ते दोघे गेले, नमस्कार केला आणि शेजारी बसले. समजावणी नाही, उपदेश नाही. असं काही आलं तर नेमकं असंच वागावं, असं मला तेव्हापासून वाटतं.

पैशाचं तुला माहीतच आहे. मॅच असेल तर फी. आजारी पडलं की पोस्टिंग बंद आणि पोस्टिंग बंद की पैसे बंद. 2022 च्या जूनमध्ये बीसीसीआयने माजी खेळाडूंबरोबर माजी सामनाधिकाऱ्यांचीही पेन्शन वाढवली, त्याचा मला मनापासून आनंद झाला होता. पण मैदानावरच्या लीग आणि शाळांच्या मॅचेस करत केस पांढरे केलेला पंच त्या यादीत बसत नाही. त्याच्यासाठी आपणच आहोत. रविवारची फी ज्याने त्याने पाकिटात घातली. मास्तरांनी घेतली नसती, म्हणून पाकीट काकूंच्या हातात दिलं.

आणि आता चांगली बातमी. मास्तर मैदानावर परत आलेत. आवाज मात्र कुजबुजीइतकाच उरलाय. नो बॉल नुसता हाताने दाखवून चालत नाही, तो ओरडावा लागतो, त्यामुळे पंच म्हणून उभं राहणं आता होणार नाही. म्हणून ते स्कोअरिंगला बसतात. आपण चौकार दाखवला की तंबूतून त्यांचा हात वर येतो, सरळ, कोपरात न वाकता. स्कोअररने प्रत्येक खुणेला पोच दिलीच पाहिजे, हे त्यांनीच तर आपल्याला शिकवलं. एप्रिलमध्ये शिवाजी पार्कवर त्यांचा हात पहिल्यांदा वर आला तेव्हा मला पुढचा बॉल थांबवावा लागला. बॅट्समनला म्हटलं, साइटस्क्रीनसमोरून कोणीतरी गेलं.

तुला पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामींची गोष्ट सांगायची केवढी हौस होती! 1986 साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिजच्या कसोटीत ते दोघे तटस्थ पंच म्हणून उभे राहिले. देश परका, प्रेक्षक परके, दोन्ही संघ परके. "त्या दोघांना तिथे एकमेकांशिवाय कोण होतं?" असं तू नव्या पोरांना विचारायचास. पोरं गप्प व्हायची. आता तोच प्रश्न मी तुला विचारतो.

2020 आठवतंय ना? मैदानं बंद, फी बंद. त्या मोसमात पुढे रणजी करंडकसुद्धा झाला नाही, जो 1934 पासून एकदाही चुकला नव्हता. आपल्यातले रेल्वेवाले पंच त्याच वर्षी गेले. अंत्यविधीला मोजकी माणसं, आपल्याला आत जाता आलं नाही. शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर आपण दोघे मास्क लावून उभे होतो. तू पुढे दर महिन्याला त्यांच्या घरी किराणा पोचवलास. वहिनी तर दर गुरुवारी रेल्वेवाल्यांच्या बायकोला फोन करायच्या, तासतासभर. काय बोलायच्या ते आपल्याला कधी कळलं नाही. मला वाटतं, त्या बाई उभ्या राहिल्या त्या त्या फोनांमुळे.

परवा त्या माझ्या घरी आल्या होत्या. तुझी चौकशी केली. म्हणाल्या, "गुरुवारी अजून हात फोनकडे जातो. भावोजींना सांगा, त्या गेल्या म्हणून रडायला मलाही कोणीतरी हवंय." मी तुला हे जसंच्या तसं लिहितोय, कारण माझ्या मनाने त्यात भर घालायची गरज नाही.

आता कामाचं. मॅच चालू असताना पंच आजारी पडला तर बदली पंचाने फक्त स्ट्रायकरच्या बाजूला, म्हणजे स्क्वेअर लेगला उभं राहायचं, पूर्ण जबाबदारी दोन्ही कॅप्टन राजी असतील तरच. नियम 2.2, तूच पोरांकडून पाठ करून घ्यायचास. तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी शिवाजी पार्कवर क्लबची सरावाची मॅच आहे. पॉइंट नाहीत, कसला दबाव नाही. मी दोन्ही कॅप्टनशी बोललोय. बॉलरच्या टोकाला मी दोन्हीकडून उभा राहीन. तू फक्त स्क्वेअर लेगला राहा. रनआऊट, स्टंपिंग, एवढंच बघ. मध्येच डोळे भरून आले तर टोपी खाली ओढ, कोणी काही विचारणार नाही. उभं राहणं झेपलंच नाही तर तंबूत मास्तरांशेजारी जाऊन बस, त्यांना दुसरा स्कोअरर हवाच आहे.

तुतारी एक्सप्रेसने ये. सकाळी दादरला मी उतरवून घ्यायला येतो, मास्तरही येतो म्हणतायत, त्यांना गर्दीत नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. पोरगा बेंगळुरूला असल्याने तुझं घर बंदच असेल. किल्ली शेजारी असेल तर आधी कळव, झाडून पुसून ठेवतो. नाहीतर सरळ आमच्याकडे उतर. बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील तर चिठ्ठीचा फोटो पाठव.

आणि वहिनींचं वर्षश्राद्ध गावी करणार की इथे, ते या आठवड्यात सांग. इथे करणार असशील तर स्वयंपाक रेल्वेवाल्यांच्या बायकोने अंगावर घेतलाय. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही, असं तिने मला बजावून सांगितलंय.

तुझाच