चीफसाहेबांना जाहीर आभारपत्र

आदरणीय चीफसाहेब,

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅनापोलिसच्या धक्क्यावर आपली बोट आमच्या शेजारी नसती, तर यंदाचा उन्हाळा सरण्याआधीच आम्ही आमची शिडाची बोट विकून टाकली असती. केबिनमध्ये साचून राहणाऱ्या संडासाच्या ज्या दुर्गंधीने आम्ही उभयता हैराण झालो होतो, ती आपण मुळापासून घालवलीत आणि मोबदल्याचा विषय काढताच तो तिथल्या तिथे मिटवलात. म्हणून हे आभार चारचौघांत मानत आहोत. आपण दाखवलेले इतर बोटवाल्यांच्याही उपयोगी पडावे, हाही त्यामागे हेतू आहे.

आम्ही बोट चालवतो त्या चेसापीक उपसागरात संडासाचे प्रक्रिया न केलेले पाणी सोडता येत नाही. किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत अमेरिकेच्या कायद्याने तशी मनाई आहे आणि आमचे सारे फिरणे त्याच हद्दीतले. मैला टाकीत साठवायचा आणि पंप-आउटच्या ठिकाणी उपसून घ्यायचा, आमच्या बोटीपुरता याला पर्याय नाही. टाकी आली म्हणजे वास आलाच, असे आम्हाला एका दुकानात ठामपणे सांगण्यात आले होते आणि सुगंधी औषधाच्या बाटल्या हाती देण्यात आल्या होत्या. त्या औषधाने केबिनमध्ये दोन वास झाले, एवढेच.

आपण मात्र प्रथम टाकीकडे न पाहता तिच्या हवेच्या नळीकडे पाहिलेत. हवा मिळाली तर मैला कुजवणारे जिवाणू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि त्याला वास नसतो. हवा तुटली की दुसऱ्या जातीचे जिवाणू माजतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटू लागतो. मोठ्या जहाजांवरच्या सुएज प्लँटमध्ये, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत, हवा सोडणारा ब्लोअर अखंड का चालू ठेवतात, हे आपण त्या ओघात सांगितलेत तेव्हा सगळा उलगडा झाला. जंतुनाशक औषधे चांगल्या-वाईट दोन्ही जिवाणूंना मारतात, म्हणून ती प्रथम बंद करण्याचा आपला आग्रह किती योग्य होता, हे आता पटते.

आमच्या टाकीची हवेची नळी जेमतेम 16 मिलिमीटरची होती. कपाटामागून हात फिरवत नेताना एके ठिकाणी ती झोळीसारखी लोंबलेली आपल्याला लागली आणि त्या खोलगट भागात पाणी साचून वाट बंद झाली होती. बाहेरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. आपण तारेने ते कोरून काढलेत तेव्हा वाळलेल्या चिखलाचे खडे तळहातावर पडले. अशा नळीतून टाकी श्वास घेणार कशी? टाकी उपसून, स्वच्छ पाण्याने खळखळून घेतल्यावर आपण 38 मिलिमीटरची आखूड, सतत चढती नळी बसवलीत आणि समोरच्या बाजूला तशीच दुसरी जोडलीत, म्हणजे वारा एका अंगाने शिरून दुसऱ्या अंगाने बाहेर पडावा.

मैला वाहून नेणाऱ्या नळ्यांची आपली परीक्षा तर आम्ही आता भेटेल त्याला सांगतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके नळीवर घट्ट फिरवायचे आणि बाहेर मोकळ्या हवेत नेऊन हुंगायचे. फडक्याला वास आला, तर नळीच्या भिंतीतूनच वास झिरपतो आहे आणि वरून कितीही पुसले तरी उपयोग नाही. आमच्या संडासापासून टाकीपर्यंतची नळी या परीक्षेत नापास झाली. नवी नळी ताठ होती. तिचे टोक गरम पाण्यात धरून मऊ करायचे, मग तोटीवर चढवायचे आणि प्रत्येक जोडाला स्टेनलेसच्या दोन क्लिपा आवळायच्या, हे आपण एका जोडावर करून दाखवलेत आणि बाकीचे जोड आमच्याकडूनच करून घेतलेत.

सकाळी संडासाचा पहिला पंप मारताच येणाऱ्या वासाचा टाकीशी संबंधच नव्हता. बाहेरचे पाणी संडासात आणणाऱ्या नळीत रात्रभर अडकलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरून कुजतात, त्याचा तो वास. हात धुण्याच्या बेसिनची निचरा-नळी आपण त्या नळीला जोडून दिलीत. आता बोट बंद करण्यापूर्वी समुद्राकडची झडप मिटून बेसिनभर गोडे पाणी पंपाने ओढून घेतो. पिण्याच्या पाण्याची दाबाची नळी संडासाला थेट जोडू नये, पाणी दूषित होते, ही आपली ताकीदही लक्षात आहे.

आणखी एका गोष्टीचे ऋण मोठे आहे. हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचतो आणि प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे मानू नये. काम सुरू करण्याआधी आपण छतावरची झाकणे आणि सर्व खिडक्या उघडवून पंखा लावायला लावलात आणि तोवर कोणालाही खाली वाकू दिले नाहीत.

सप्टेंबरमध्ये रत्नागिरीहून आई आली होती. ती याच केबिनमध्ये दार लावून झोपली आणि सकाळी तिथेच चहा प्यायली. आपल्याला तिचा नमस्कार सांगायला तिने बजावले आहे.

आपले कृतज्ञ,
शेजारच्या बोटीवरील उभयता