नरक्याची लागवड सरकारने मनावर घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नरक्या या सह्याद्रीतल्या झाडाच्या लाकडाने भरलेली गाडी पकडल्याच्या बातम्या चंदगड, आजरा भागातून अधूनमधून येतात. हे झाड कशासाठी तोडतात, हे मात्र त्यात क्वचितच असते. नरक्याच्या सालीत, खोडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. त्याच्यापासून तयार केलेले इरिनोटेकॅन हे औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात, टोपोटेकॅन बीजांडकोशाच्या. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सोडवायला एक विकर (एन्झाइम) त्याचा धागा कापून पुन्हा जोडते. ही औषधे तो जोड होऊ देत नाहीत आणि झपाट्याने वाढणारी पेशी मरते.

अमेरिकेत १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी हे द्रव्य एका चिनी झाडातून वेगळे केले. टॅक्सॉल हे कर्करोगावरचे दुसरे औषधही याच जोडीने शोधले. वाणी मूळचे नंदुरबारचे, आणि हे आपल्याकडे किती थोड्यांना ठाऊक आहे याचे वाईट वाटते. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या रसायनशास्त्रज्ञांना तेच द्रव्य नरक्यात सापडले. त्यामुळे सह्याद्रीतले हे झाड परदेशी मागणीसाठी तुटत आले आहे.

कोणी साल घरी उकळून पिऊ नये, हेही सांगायला हवे. मूळ द्रव्याच्या पहिल्या चाचण्या रुग्णांच्या मूत्राशयाला इजा झाल्याने थांबवाव्या लागल्या होत्या. रेणूत बदल करून औषधे अमेरिकेच्या बाजारात यायला १९९६ उजाडले.

टॅक्सॉलचाही असाच पेच होता. ते पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून काढत, आणि साल काढली की झाड मरायचे. मग युरोपीय यूच्या पानांतील द्रव्यापासून औषध करता येऊ लागले, आणि पाने खुडली तरी झाड जगते. नरक्याच्या तोडलेल्या बुंध्यालाही धुमारे फुटतात. मग तो बांधावर, पडीक वरकस जमिनीत का लावू नये?

वन विभागाने रोपे द्यावीत. जास्त द्रव्य देणारी झाडे कृषी विद्यापीठांनी निवडून द्यावीत. लागवडीच्या मालाला वाहतूक परवाना सहज मिळावा, नाहीतर शेतकरी या वाटेला जाणारच नाही. कंपन्यांना मात्र लागवडीचाच माल घेण्याची सक्ती हवी. आणि जंगलात जुनी झाडे जिथे उरली आहेत तिथले बी यंदापासूनच गोळा करायला घ्यावे.

– एक वाचक, आजरा (जि. कोल्हापूर)