ब्रेड मशीनचं झाकण उघडून बघ

ठाणे

प्रिय माधुरी,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं. प्रश्नांची एवढी रांग बघून फार बरं वाटलं, म्हणजे मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं करणारं ते ब्रेड मशीन माळ्यावर गेलेलं नाही! आधी तुझा सगळ्यांत मोठा प्रश्न घेते : गव्हाच्या पिठाचा ब्रेड बुटका आणि घट्ट का होतो?

मशीनसोबतच्या पुस्तकातली प्रमाणं बहुतेक वेळा परदेशी ब्रेडच्या पिठाची असतात. आपली गिरणीची कणीक वेगळी. दगडाखाली दळताना दाण्यातला स्टार्च जास्त तुटतो, म्हणून ती पाणी जास्त पिते. शिवाय कोंडा ग्लुटेनच्या, म्हणजे ब्रेड फुगवून धरणाऱ्या गव्हातल्या चिकट प्रथिनाच्या, जाळीत आडवा येतो. ५०० ग्रॅम मैद्याला ३०० ते ३२० मिली पाणी पुरतं, तेवढ्याच कणकेला ३५० च्या पुढेच लागतं. सुरुवातीला निम्मी कणीक, निम्मा मैदा घे. हात बसला की कणीक वाढव.

आणि माझं ऐक, मळणं सुरू होऊन आठ-दहा मिनिटं झाली की झाकण उघडून बघ. खुशाल उघड, काही बिघडत नाही. बंद ठेवायचं ते फुगताना आणि भाजताना. गोळा भांड्याच्या कडा सोडून फिरायला हवा, तळाशी किंचित चिकटला तरी चालेल. पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवा. कोरडा, खडबडीत दिसला तर चमचाभर पाणी, फारच लिबलिबीत झाला तर चमचाभर मैदा. तुमच्या रत्नागिरीच्या पावसात पीठच ओलावा धरून बसतं, तेव्हा थोडं पाणी हातचं राखूनच सुरुवात कर.

जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने १९८७ साली घरगुती ब्रेड मशीन आणलं, त्याची गोष्ट मला फार आवडते. कणीक नीट मळली जाईना, म्हणून इकुको तानाका ही त्यांची सॉफ्टवेअर करणारी बाई ओसाकाच्या एका हॉटेलातल्या बेकरकडे शिकायला गेली. तो कणीक नुसती ताणत नाही, पीळही देतो, हे तिने टिपलं आणि ते मशीनमध्ये उतरवलं. बेकरचा हात मशीनला मिळाला. पीठ कसं आहे हे बघायचं काम मात्र आपल्याकडेच राहिलं.

मधे खड्डा पडतो म्हणतेस, तर पाणी किंवा यीस्ट जास्त होतंय, नाहीतर मीठ कमी. मीठ यीस्टला आवर घालतं. ५०० ग्रॅम पिठाला ९ ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एवढं पुरे. एप्रिल-मेमध्ये पाणी फ्रीजमधलं घे. उघडलेलं यीस्ट घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेव. शंका आली तर कोमट साखरपाण्यात टाकून बघ. दहा मिनिटांत फेस आला नाही तर फेकून दे.

रात्री टायमर लावून झोपायचं असेल तर दूध, अंडं नको, मिल्क पावडर वापर. आधी पाणी, वर पीठ, पिठात खळगा करून त्यात यीस्ट. तुझ्या मॉडेलच्या पुस्तकात उलटा क्रम असेल तर तोच पाळ, पण यीस्ट आणि पाणी आधीच भेटता कामा नयेत.

वीज गेली तर? बऱ्याच मशीनांना मधला टप्पा काही मिनिटंच लक्षात राहतो. मळताना गेली तर पुन्हा पहिल्यापासून चालव. फुगल्यावर गेली तर गोळा काढून तूप लावलेल्या डब्यात घाल आणि जाड बुडाच्या कढईत स्टँडवर, झाकण ठेवून, गॅसवर भाज. वरून रंग कमी येतो, चव उत्तम लागते.

मशीनचं मळायचं पातं ब्रेडमध्ये अडकलं तर ब्रेड गार झाल्यावर लाकडी काडीने काढ, सुरी लावू नकोस, नॉनस्टिकचा थर जाईल. शिट्टी वाजली की ब्रेड लगेच बाहेर काढून जाळीवर ठेव, आत राहिला तर साल ओली होते. तासभर तरी कापू नकोस. पावसाळ्यात बाहेर ठेवलास तर लवकर बुरशी येईल. काप करून फ्रीजरमध्ये टाक.

आणि मुलांना लादीपाव हवाय ना? मशीनवर फक्त मळण्या-फुगवण्याचा प्रोग्रॅम लाव, गोळे ताटात एकमेकांना चिकटून ठेव, पुन्हा फुगू दे आणि ओव्हनमध्ये भाज. मिसळीचा रस्सा तुझा, पाव मी येऊन करून दाखवते. गणपतीच्या आधीचा एखादा रविवार कळव.

तुझी,
शुभा