त्रिमूर्ती चौकातल्या रिक्षावाल्या दादांना

दादा,

हे सगळं तोंडावर बोलायला लागले तर तुम्ही ‘भाडं आहे ताई’ म्हणून निघून जाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहितेय, आणि चार लोकांसमोर लिहितेय. लेकाला व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशी गाडी दारात येऊन आज बारा दिवस झाले. अजूनही सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि ती समोर दिसली की मला दोन मिनिटं तिथेच उभं राहावं लागतं.

आमच्या लेकाला सेरेब्रल पाल्सी आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते: मेंदूतल्या बिघाडामुळे त्याचा अंगावर ताबा राहत नाही. तो 13 वर्षांचा आहे, वजन 34 किलो. बोलता येत नाही, पण कळतं सगळं. ‘हो’ म्हणायचं असलं की डोळे वर नेतो, ‘नाही’ असलं की मान भिंतीकडे वळवतो. कधी हे लगेच जमतं, कधी अंग ताठलेलं असलं की बराच वेळ लागतो. तेवढा वेळ थांबणारी माणसं आम्हाला फार भेटली नाहीत.

चार वर्षांपूर्वीचा तो पहिला दिवस तुमच्या लक्षातही नसेल. याच्या बाबांची अंबडच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट, थेरपी गंगापूर रोडला, आणि मी एकटी. तीन रिक्षावाले व्हीलचेअर बघूनच पुढे निघून गेले होते. तुम्ही थांबलात, खाली उतरलात, खांद्यावरच्या रुमालाला हात पुसलेत आणि त्याच्या पायाशी उकिडवे बसून त्याला विचारलंत, “उचलू का रे?”

मीच घाईने म्हणाले, “हो हो, उचला.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. “त्याला विचारलंय, ताई.”

आणि थांबलात. मागे हॉर्न वाजत होते, एक टेम्पोवाला शिव्या घालत होता. हा घाबरून ताठ झालेला, डोळे काही वर जाईनात. तुम्ही हललाच नाहीत. मग त्याने डोळे वर नेले, आणि तेव्हा कुठे तुम्ही त्याला हात लावलात.

दादा, मी त्याची आई आहे. नऊ वर्षं मी त्याला पलंगावरून, खुर्चीवरून, मोरीतून उचलत होते. एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी रिक्षा उंटवाडीवरून मायको सर्कलला पोचेपर्यंत मी रडत होते, आणि तुम्ही आरसा वर फिरवून ठेवला होतात. तेही मी पाहिलं होतं.

त्यानंतर आठवड्याचे तीन दिवस, जाताना दोनदा, येताना दोनदा, पावसात, मे महिन्यात, चार वर्षं तुम्ही विचारत आलात. एकदाही चुकला नाहीत.

आता ज्यांच्याबद्दल लिहू नये असं घरचे म्हणतात, त्यांच्याबद्दलही लिहिते. गाडीसाठी पैसे जमवायचं ठरलं तेव्हा आम्ही आधी मोठ्या दारांत गेलो होतो. एका कार्यक्रमात याला स्टेजवर बोलावलं. दोघांनी न विचारता खुर्चीतून उचललं, कारण खुर्चीमुळे फोटोत मागचा बॅनर झाकला जात होता. हा किंचाळला. टाळ्या वाजल्या, शाल मिळाली, माईकवरून रक्कम जाहीर झाली. ती रक्कम आजपर्यंत आलेली नाही. एका कार्यालयात मी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 41 वं कलम छापून नेलं होतं. परवडेल अशा खर्चात वाहनात बदल करून मिळावेत म्हणून योजना कराव्यात, असं त्यात सरळ लिहिलंय. टेबलापलीकडच्या माणसाने कागद न वाचता विचारलं, “मुलगा स्वतः गाडी चालवणार आहे का?” आणि नात्यातल्यांनी तर, “घरातच तर असतो, त्याला कशाला गाडी?” असं म्हटलं. तो घरातच का असतो, हे त्यांच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

तुम्हाला मी काहीच मागितलं नव्हतं. एक दिवस पोराला खाली ठेवताना तुमची पाठ धरली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, “हा वाढतोय ताई, मी म्हातारा होतोय. एखाद्या दिवशी हातातून निसटला तर? याला खुर्चीसकट आत जाता येईल अशी गाडी पाहिजे.” मी म्हटलं, मग तुमचं ठरलेलं भाडं बंद होईल. तुम्ही म्हणालात, “होऊ द्या की.”

दुसऱ्या दिवसापासून स्टॅंडवर डबा आला. कुणीतरी सुचवलं, डब्यावर पोराचा फोटो लावा, लोक हळहळतील, जास्त पैसे पडतील. तुम्ही घरी आलात आणि त्याला विचारलंत, “फोटो लावू का तुझा?” त्याने मान वळवली. विषय संपला. डब्यावर उतरती फळी लावलेल्या गाडीचं चित्र लागलं, तुमच्याच पुतणीने काढलेलं.

ती शंभर पानी वही तुम्ही मला दिलीत, ती मी देवघरात ठेवली आहे. चहावाला, रोज 10. भाजीवाल्या मावशी, 20. पंक्चरवाला, 50. ‘पॅसेंजर, नाव सांगितलं नाही, 500.’ तुमच्या स्टॅंडवरच्या प्रत्येकाची एका रविवारची पूर्ण कमाई. शेवटच्या पानावर बेरीज 61,340. बाकीचे आमची शिल्लक आणि पतसंस्थेचं कर्ज. जुनी ईको व्हॅन मिळाली, मागचं तळ कापून खाली घेतलं, उतार बसवला. कागदपत्रांचं आणि आरटीओचं सांगत बसत नाही. खुर्चीला चारही बाजूंनी पट्टे आहेत आणि त्याला स्वतःला वेगळा पट्टा, एवढं मात्र सांगते, कारण तुम्ही ते चारही पट्टे ओढून ओढून पाहिले होतेत.

त्या वहीतल्या लोकांना मी आता चौकात ओळखायला लागलेय. मावशी हल्ली याच्या गालाला हात लावायच्या आधी विचारतात. पंक्चरवाल्याचा पोरगासुद्धा विचारतो. तुम्ही कुणाला काही शिकवलं नाहीत, फक्त सगळ्यांसमोर रोज तेच करत राहिलात. नाशिकमध्ये अशी माणसं आहेत, आणि मी नऊ वर्षं भलत्याच दारांत उभी होते.

पहिली फेरी कुठे, हे त्यालाच विचारलं होतं. दर पावसाळ्यात टीव्हीवर तो ऐकतो, गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. सिडकोत राहून त्याने पंचवटीच्या घाटावरचा तो मारुती कधी पाहिला नव्हता. पंचवटीचं नाव घेतल्याबरोबर डोळे वर गेले.

तुम्ही सोबत होतात म्हणून ते तुम्हीही पाहिलंत, तरी मला ते लिहून ठेवायचंय. गाडी घाटाच्या जितकी जवळ नेता आली तितकी नेली. मागचं दार उघडलं. तुम्ही सवयीने रुमालाला हात पुसलेत, उकिडवे बसलात आणि विचारलंत, “उचलू का रे?”

त्याने मान वळवली. नाही.

तुम्ही हसत बाजूला झालात. बाबांनी उताराची फळी टाकली आणि तो आपल्या खुर्चीत बसून, कुणाच्याही हातांशिवाय, गोदाघाटावर उतरला.

तुमचा रुमाल गाडीतच राहिलाय. धुऊन, घडी करून ठेवलाय. शनिवारी वहिनींना घेऊन या. याने तुम्हाला बोलवायचं का विचारल्यावर काय उत्तर दिलं, ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमची ताई
सिडको, नाशिक