गोट्याच्या डोळ्यासाठी आभार

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी तासगावची ब्लाउजवाली. पिवळ्या टोपल्यातून गोट्याला, माझ्या पग कुत्र्याला, घेऊन यायची ती. तुमच्याकडे दिवसाला पन्नास जनावरं येत असतील, पण गोट्या लक्षात असेल, कारण तुम्ही त्याला तपासलंत की तो घोरायला लागायचा. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्हाला एकटीला लिहिलं असतं तर माझी चूक झाकून फक्त आभार मानले असते, आणि ते बरं दिसलं नसतं.

चूक अशी. श्रावणात अंगण झाडताना खराट्याची काडी गोट्याच्या डोळ्यात गेली. तो ओरडलाही नाही. पुढं तुम्हीच सांगितलंत की पगच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला संवेदना कमी असते, डोळे इतके बाहेर असतात की झोपेतसुद्धा पापण्या पुरत्या मिटत नाहीत, म्हणून या जातीला जखम लवकर होते आणि कळते उशिरा. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी, डोळा बारीक करून तो भिंतीला तोंड घासायला लागला तेव्हा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "फूल पडलंय, एरंडेल घाल." एरंडेल नाही घातलं. त्याहून शहाणपणा केला. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा अर्धा ड्रॉप फ्रिजच्या दारात उरला होता, तो घातला. गौरीच्या ब्लाउजांचा ढीग पडलेला, सांगलीला यायला वेळ कुठला! माणसाच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला चालतं ते कुत्र्याच्या डोळ्याला का चालणार नाही, असा माझा हिशेब. आठवेल तेव्हा, पाच दिवस घातला.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तुमच्याकडे आणला तेव्हा डोळ्यावर भिजलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी साचलं होतं. तुम्ही विचारलंत, काय घातलंय? मी बाटली पुढं केली. तुम्ही ती उलटसुलट करून वाचलीत आणि एवढंच म्हणालात, "यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड आहे हो." बस. ओरडला नाहीत, कपाळाला हात लावला नाहीत. माझ्या दुकानात कुणी घरी उसवून बिघडवलेला ब्लाउज घेऊन आलं तर मी दहा मिनिटं ऐकवते, म्हणून सांगते, तुमचं ते गप्प बसणं मला लागलं आणि पुरलं. जखम उघडी असताना स्टेरॉइड गेलं की ती भरायची थांबते आणि पडदा विरघळवणारे रस जोर धरतात, हे तुम्ही नंतर सावकाश समजावलंत. काही रस जंतूंचे, काही आपल्याच पांढऱ्या पेशींचे. पडदा साधारण अर्धा मिलिमीटर जाड. मी मनात म्हटलं, म्हणजे कॉलरमधल्या बकरमच्या कडक कापडाएवढा, आणि तो कडेनं वितळतोय.

मला घाई होती. "ड्रॉप घाला ना लवकर," असं दोनदा म्हणाले. तुम्ही म्हणालात, "आधी नमुना." बधिर करायचा थेंबही नको, जखम दाखवणारा हिरवा रंगही नको, कारण त्यातल्या औषधानं जंतू मेले तर लॅबला काय सापडणार? बारीक कापसाची काडी जखमेच्या कडेवरून फिरवलीत, जेलच्या नळीत बंद केलीत, पुण्याला पाठवली. मग रंगाची कागदी पट्टी ओली करून टेकवलीत, खोलीतला दिवा घालवलात आणि निळ्या उजेडात जखम हिरवीगार पेटली. बॅटरी एप्रनच्या उजव्या खिशातून काढलीत, डावा खिसा उसवलेला होता. मधोमध हिरवं दिसतंय तोवर बरं, म्हणालात. मध्ये काळा गोल दिसला तर शेवटचा पापुद्राच उरलाय असं समजायचं, त्याला रंग चढत नाही. मग थेट पुण्याला नेऊन डोळ्याच्याच पांढऱ्या भागावरच्या कातडीचं ठिगळ लावायचं. ठिगळ हा शब्द तुमच्या तोंडून ऐकल्यावर मी जरा सावरले. निदान तो तरी ओळखीचा होता.

दुसऱ्या एका काडीचा नमुना काचेवर पसरून, रंगवून तुम्ही मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलंत. जांभळे ठिपके, घोसानं चिकटलेले. "द्राक्षाचा घड दिसतो का?" तासगावच्या बाईला हे विचारायचं म्हणजे! सगळं आयुष्य बागांच्या मधे गेलं, इतका ओंगळ घड कधी पाहिला नव्हता.

मग तीन दिवस. गोट्याच्या पुढच्या पायातून काढलेलं रक्त यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी तुम्ही बाटलीत भरून दिलंत. आपल्याच रक्तातल्या त्या पाण्यात पडदा वितळवणाऱ्या रसांना अडवायची ताकद असते, हे ऐकून सासूबाई चाट पडल्या. दह्याच्या भांड्याशेजारी ती बाटली, दर तासाला एक थेंब. मग पाच मिनिटं थांबायचं, टोब्रामायसिन हा अँटिबायोटिकचा ड्रॉप. पुन्हा थांबायचं, बाहुली मोठी करायचा तो कडू ड्रॉप. तो घशात उतरला की गोट्याच्या तोंडाला फेस यायचा. पहिल्या वेळी मी घाबरून तुम्हाला रात्री अकराला फोन केला आणि तुम्ही उचललात. मोबाईलवर गजर लावून मी मशीनवर बसायचे, एक बाही झाली की एक थेंब.

गुरुवारी रिपोर्ट आला. स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडियस. कुत्र्याच्या कातडीवर, नाकातोंडात एरवी गुमान राहणारा जंतू. पण हा मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा निघाला. बारा औषधांची नावं आणि नऊंपुढं आर, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. सेफॅझोलिन आर, ऑफ्लॉक्सासिन आर, मॉक्सिफ्लॉक्सासिन आर. टोब्रामायसिनही आर. मला ते दहावीच्या निकालासारखं वाटलं. तुम्ही मात्र कागदावर भरवसा ठेवून लगेच काही बदललं नाहीत. म्हणालात, लॅबचं मोजमाप रक्तात औषध किती चढतं त्यावर बेतलेलं असतं, डोळ्यात थेट पडलेला थेंब त्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळं आर लिहिलेलं औषधही कधी कधी लागू पडतं. आधी डोळा बघू. बघितलात. वितळणारी कडा थांबली नव्हती. तेव्हा कुठं टोब्रामायसिन बंद. क्लोरॅमफेनिकॉल, जुनं, स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं, आणि अमिकॅसिन, जे तुम्ही इंजेक्शनमधून ड्रॉप करून दिलंत. क्लोरॅमफेनिकॉल घालताना मी हातमोजे घालावेत, असंही बजावलंत.

आणि मग, जंतू इतका निगरगट्ट कसा झाला हे शोधायला, तो प्रश्न, गोट्याचे कान कितीदा खराब झाले होते? दोन वर्षांत चारदा. चारही वेळा दुकानातून तोच ड्रॉप आणला होता, वास कमी झाला की थांबले होते. तुम्ही मान हलवलीत आणि केसपेपरवर लिहून घेतलंत. सासूबाईंचा डोळा नुकताच झालेला, म्हणून गोट्याला त्यांच्या उशीवर बंदी, आणि ड्रॉप घातला की साबणानं हात. हा जंतू माणसाला क्वचितच त्रास देतो, पण देतो, असं म्हणालात. सासूबाईंनी हात धुण्यावर पहारा बसवला. घरात त्याआधी कधी इतका साबण लागला नव्हता.

आमच्या गणपतीच्या रथाच्या दिवशी सगळं गाव दोर ओढायला, रस्त्यावर गुलाल आणि पेढे. मी दारं खिडक्या लावून आत, कारण गुलालाचा एक कण पुरला असता. गोट्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या कोनासकट दारापाशी झोपलेला. दुपारी डोळा उघडून बघितला तर पांढऱ्या भागाकडून लाल बारीक धागे जखमेकडं निघालेले. मला वाटलं, वाढलं. फोटो पाठवला. तुमचं उत्तर आलं, "रक्तवाहिन्या येतायत, भरायला लागलंय, ड्रॉप थांबवू नका." मी दार उघडून ओसरीत उभी राहिले तोवर रथ पुढं गेला होता.

नवरात्रापर्यंत जखम भरली. आता मधोमध तांदळाएवढा पांढरा डाग आहे, तो राहणार असं तुम्ही आधीच सांगितलं होतं. गोट्याला त्याचं काही नाही, तो त्या बाजूनंही चिमणी बघतो आणि तिच्यामागं जाऊन तुळशीवर आपटतो. शेवटच्या खेपेला तुम्ही उरलेल्या सगळ्या बाटल्या मागून घेतल्यात आणि बादलीत टाकल्यात. मी घरी येऊन फ्रिजचं दार रिकामं केलं. चार डब्यांत पाच बाटल्या, दोन तर 2019 च्या.

फी तुम्ही कमीच लावलीत, मला हिशेब येतो. वर काही घेणार नाही हेही माहीत आहे. पुढच्या महिन्यात गोट्याची लस आहे, तेव्हा सुई-दोरा पिशवीत घालून आणते. तो एप्रन पाच मिनिटं काढून द्या. डाव्या खिशाचे टाके उसवलेत, आणि वरच्या बटणाचंही आता खरं नाही.

तुमची,
तासगावची ब्लाउजवाली