आराखड्यातच आक्रसणारी घरे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरांच्या महागाईचा विषय निघाला की सिमेंट-पोलादाचे भाव, कर्जावरचे व्याज आणि बिल्डरांची नफेखोरी यांवर बोट ठेवले जाते. ही कारणे खोटी नाहीत. परंतु कोणत्या जमिनीवर घरे बांधायची, किती मजले चढवायचे, कडेने किती जागा सोडायची आणि गाड्यांसाठी किती राखायची, हे शहराच्या आराखड्यात आधीच लिहिलेले असते आणि घराची किंमत व आकार बऱ्याच अंशी तिथेच ठरतो, याकडे लक्ष वेधण्यासाठी हा पत्रप्रपंच.

बिल्डर हिशेब उलटा मांडतो. तयार घरे कितीला विकली जातील याचा अंदाज तो आधी घेतो, त्यातून बांधकामाचा खर्च, व्याज आणि स्वतःचा नफा वजा करतो आणि उरेल त्यावरून जमीनमालकाला भाव देऊ करतो. त्यामुळे बांधकामयोग्य जमीन किंवा तिच्यावरचे चटईक्षेत्र, म्हणजे सर्व मजले मिळून बांधता येणारे एकूण क्षेत्रफळ, नियमांनी आवळून ठेवले, तर मागणीबरोबर वाढणारा पैसा घरात न उतरता जमिनीच्या भावात मुरतो, आणि मग ग्राहकाच्या ऐपतीत बसावे म्हणून खोल्यांची लांबी-रुंदी कापली जाते.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव बोलका आहे. तिथे १९४७ च्या कायद्याने जमिनीचा विकास सरकारी परवानगीवर अवलंबून ठेवला आणि १९५५ नंतर अनेक शहरांभोवती हरितपट्टे, म्हणजे नव्या बांधकामाला सहसा मनाई असलेले मोकळ्या जमिनीचे पट्टे, आखले गेले. १९६१ मध्ये पार्कर मॉरिस समितीने घरांची मापे सुचवली, तीही खोलीत कोणते सामान राहील आणि त्याभोवती माणसाला वावरायला किती जागा लागेल याचा विचार करून. पुढे ही मापे सार्वजनिक घरांना बंधनकारक झाली, आणि १९८० मध्ये ती रद्दही झाली. किमान आकाराची अट गेल्याने घरे स्वस्त व्हायला हवी होती, असे कोणाला वाटेल. प्रत्यक्षात पुढच्या दशकांत तिथल्या किमती लोकांच्या उत्पन्नाला कितीतरी मागे टाकून गेल्या, कारण जमिनीची टंचाई तशीच राहिली होती. २०१३ पासून कार्यालयांच्या इमारतींचे घरांत रूपांतर करण्यास नेहमीच्या नियोजन परवानगीविना मोकळीक मिळाली, तेव्हा तर खिडकीही नसलेल्या खोल्या घर म्हणून उभ्या राहिल्या. २०२० मध्ये अशा घरांना नैसर्गिक उजेडाची आणि २०२१ मध्ये किमान क्षेत्रफळाची अट घालावी लागली. माणसाला घरात खिडकी हवी, हे कायद्यात लिहावे लागणे मला अत्यंत खेदजनक वाटते.

मात्र केवळ किमान आकाराची अट घालूनही भागत नाही. एकूण चटईक्षेत्र तेवढेच राहिले, तर मोठी घरे म्हणजे कमी घरे, आणि मग सर्वांत गरीब कुटुंब रांगेतून बाहेर फेकले जाते. काही नियम तर घरापेक्षा घराभोवतीच्या जागेचीच अधिक काळजी घेतात. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने १९९८ मध्ये मध्यवर्ती भागातील भूखंडाचा किमान आकार ५,००० चौरस फुटांवरून १,४०० चौरस फुटांपर्यंत खाली आणता येईल अशी तरतूद केली. त्यानंतर तिथे जुन्या एकेका घराच्या जागी दोन-तीन घरे मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. वाहनतळाच्या सक्तीचेही तसेच आहे. ये-जा करण्याच्या वाटेसह एका गाडीला साधारण २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते, तर एका माणसाच्या घरासाठी इंग्लंडचे सध्याचे किमान माप ३७ चौरस मीटर आहे. न्यूझीलंडने २०२० मध्ये शहरांना वाहनतळाची किमान अट काढून टाकण्यास सांगितले. त्याआधी २०१६ मध्ये ऑकलंडने आपल्या निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर अधिक दाट बांधकामाला मुभा दिली होती आणि त्यानंतर तिथे नव्या घरांच्या परवानग्या ठळकपणे वाढल्या.

ऑकलंडची मुभा व्यापक होती, ही बाब मला महत्त्वाची वाटते. वाढीव चटईक्षेत्र मोजक्या भूखंडांनाच दिले, तर त्या मालकांचे नशीब उघडते, इतकेच. ते शहरभर दिले, तर जमीनमालकांत स्पर्धा होते. पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांवर ताण येईल हा आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपाय म्हणजे वाढलेल्या जमीनमूल्याचा काही हिस्सा वसूल करून तो याच सेवांवर खर्च करणे. घरेच अडवून ठेवणे नव्हे.

आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा बहुतांशी तिथे आधीपासून राहणारेच येतात. ज्याला अजून घर मिळालेले नाही, त्याची हरकत कोणत्याच वहीत नोंदली जात नाही. म्हणून माझी मागणी अशी की, मजले, मोकळी जागा, भूखंडाचा आकार आणि वाहनतळ यांबाबतच्या प्रत्येक नियमासोबत त्यामुळे किती घरे कमी होतील आणि उरलेल्या प्रत्येक घराचा खर्च किती वाढेल, याचा हिशेब नियोजन प्राधिकरणाने आराखड्यातच छापावा, आणि हरकतींची मुदत तो हिशेब प्रसिद्ध झाल्यावरच सुरू व्हावी.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक